हेमराजच्या विहिरीची वाळू

हेमराज कापगतेच्या विहिरीवर पुन्हा लाल झेंडी लागली, तेव्हा मी पत्र्याच्या खोलीत चाळण्या घासत बसले होते. बाहेर दशरथ मुकादमाच्या टोळीनं रिकामे डबे बडवून नुसता गलबला मांडला होता. कुणीतरी हेमराजला खांद्यावर घेतलं असावं, कारण त्याचं हसणं नेहमीपेक्षा उंचावरून ऐकू येत होतं. मी बाहेर गेले नाही. जाळीत अडकलेला वाळूचा कण ब्रशनं काढता काढता मी ती जाळीच फाडली.

ही विहीर पाण्याची नव्हे. वैनगंगेवर पुलाचं काम चाललं होतं. नदीच्या वाळूत पुलाचा खांब नुसता उभा करता येत नाही, त्याच्याखाली आधी काँक्रीटची गोल, पोकळ विहीर घालावी लागते. तिच्या बुडाला लोखंडी धार असते. क्रेनला टांगलेल्या लोखंडी पंजानं, ज्याला आम्ही ग्रॅब म्हणायचो, आतली वाळू उपसत राहायची, म्हणजे विहीर स्वतःच्याच वजनानं खाली बसत जाते. वरून काँक्रीट चढवायचं, पुन्हा उपसायचं, असं खडक लागेपर्यंत. आठवड्यात जी विहीर सगळ्यांत जास्त बसेल तिच्यावर शनिवारी कामावरचे मोठे इंजिनियर वझलवार साहेब आपल्या हातानं झेंडी लावायचे आणि त्या टोळीला मटण मिळायचं. झेंडीला कुणी बक्षीस म्हणत नसे, पण तिच्यासाठी माणसं जीव टाकायची.

हेमराज आणि मी एकाच तंत्रनिकेतनात शिकलो, एकाच वर्षी डिप्लोमा झालो आणि एकाच दिवशी शिकाऊ म्हणून या कामावर आलो. गुण माझे जास्त होते. हे मी तेव्हा भेटेल त्याला सांगायची, आणि बघा, आताही सांगितलंच. त्याला विहीर मिळाली, मला चाळण्या. मुलीच्या जातीनं विहिरीच्या काठावर चढणं बरं दिसत नाही असं तोंडावर कुणी म्हणालं नाही. ‘प्रयोगशाळेत सावली असते,’ एवढंच म्हणाले. त्या सावलीत बसून मी काँक्रीटसाठी येणारी वाळू चाळायची आणि तो उन्हात काळा ठिक्कर पडून दिवसेंदिवस रुबाबदार दिसायला लागला होता.

काम संपलं की कंपनी आम्हा दोघांपैकी एकालाच कायम करणार होती आणि पुढच्या पुलावर नेणार होती. मला ती जागा हवी होती. नोकरी म्हणून तर हवी होतीच, पण पुढच्या पुलावर मला एक स्वतःची विहीर हवी होती. साकोलीला बाबा कपडे शिवत. त्यांनी सरळ सांगून ठेवलं होतं की कंपनीनं घेतलं तर आनंदानं जा, नाही घेतलं तर पाहुणे येतील, त्यांच्यासमोर गुपचूप बस. बाबा दुष्ट नव्हते. त्यांच्या मते त्यांनी मला भरपूर सैल सोडलं होतं.

तर मी हेमराजवर जळत होते. दुसरा शब्द वापरण्यात अर्थ नाही. तो जेवायला बसला की माझी भूक जायची. साहेब त्याला ‘हेमराज’ म्हणायचे आणि मला ‘तुरकर’, तर मला वाटायचं, नावानं हाक मारावी असं माझ्यात काहीच नाही की काय. त्याच्या चुका शोधणं हा माझा दुसरा धंदा झाला होता. त्याचं काँक्रीट नीट भिजवत नाहीत म्हणून मी साहेबांकडे गेले, तर साहेबांनी जाऊन हात लावला आणि हात ओला झाला. त्याची विहीर कलली आहे असं मी सांगितलं, तर ओळंबा लावून पाहिला आणि ती माझ्या खोलीच्या दारापेक्षा सरळ निघाली. नंतर एकदा मी त्याच्या सिमेंटच्या पोत्यांबद्दल बोलले. त्या वेळी साहेब उठलेसुद्धा नाहीत.

आणि तरीही रोज संध्याकाळी मी एक काम करायची, जे मला कुणी सांगितलं नव्हतं. त्याच्या विहिरीतून उपसलेल्या ढिगातून घमेलंभर ताजी वाळू आणायची, तव्यावर वाळवायची आणि चाळायची. जाड जाळीची चाळणी वर, तिच्याखाली बारीक, तिच्याखाली आणखी बारीक, अशी उतरंड असते. ती हलवली की प्रत्येक कण आपल्या मापाच्या जाळीवर अडकतो. मग कुठल्या जाळीवर किती राहिलं ते तोलायचं. मला काय सापडायला हवं होतं ते मलाही ठाऊक नव्हतं. काहीतरी वाईट सापडावं एवढं मात्र नक्की.

सुरुवातीचे आठवडे त्याची वाळू दृष्ट लागावी अशी होती. वरच्या जाळीवर खडे, मग लाखोळीच्या डाळीच्या दाण्याएवढे, मग तांदळाएवढे, मग रवा, तळाच्या ताटात चिमूटभर पीठ. अशी मिसळीची वाळू सगळ्यांत भली. मोठ्यांच्या फटीत मधले, मधल्यांच्या फटीत बारके, सगळे एकमेकांना धरून बसतात. ओझं टाका, पाणी सोडा, ती जागची हलत नाही. त्याच थरात हेमराजच्या विहिरीच्या धारेखाली एक दगड आला होता. त्यानं पंप लावून आतलं पाणी उपसलं, दशरथला आत उतरवलं, दगड फोडला आणि विहीर चालू केली. सगळ्या कामावर त्याचा डंका झाला. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या त्या तेव्हापासून.

मग एका संध्याकाळी चाळण्या हलवल्या तर वरच्या जाळ्या मोकळ्या. खडा नाही, तांदूळ नाही. सगळी वाळू सरसर खाली जाऊन एकाच बारीक जाळीवर येऊन बसली, आणि तळाच्या ताटात काहीच नाही. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. मी ती वाळू मुठीत घेतली तर बोटांतून पाण्यासारखी निघून गेली. सगळे कण एका मापाचे आणि हलके. पोत्यात नुसती लाखोळी भरली तर पोतं कसं ढिलं राहतं, तशी ही वाळू जमिनीत ढिली पडून असते. बाहेर पाण्याची पातळी उंच ठेवून आतलं पाणी उपसलं, तर बाहेरचं पाणी धारेखालून आत घुसतं आणि अशी वाळू बरोबर घेऊन येतं. मग ती वाळू राहत नाही, उकळत्या पेजेसारखी वर येते. विहिरीखालचा आधार गेला की ती कोणत्या बाजूला कलेल किंवा किती धसेल याचा नेम नाही, आणि आत माणूस असेल तर तो निघत नाही.

हे कळलं तेव्हा मला आनंद झाला. हेमराजच्या विहिरीखाली वाईट वाळू निघाली म्हणून झाला. ज्या विहिरीत कुणी पाणी उपसत नाही तिला या वाळूचं भय नाही, उलट ती झपाझप बसते. त्याला झेंड्या का मिळत होत्या तेही मला आता कळलं. त्यात त्याचं कर्तृत्व नव्हतं, वाळूचं होतं. हे मी कुणाला तरी कधीतरी ऐकवणार होते.

पण पुढच्याच आठवड्यात त्याची विहीर अडली. दोन दिवस उपसा केला तरी ती बोटभर हलली नाही. ग्रॅबच्या दातांत काळ्या लाकडाच्या ढलप्या यायला लागल्या. कधीकाळी पुरात वाहून आलेलं, वाळूत गाडलं गेलेलं एखादं मोठं झाड धारेखाली आडवं आलं होतं. ते कापायला पाणबुड्या हवा होता. पाणबुड्या दुसऱ्या कामावर गुंतला होता, त्याला यायला आठवडा लागणार होता, आणि पावसाळ्याआधी विहिरी पुऱ्या करायच्या म्हणून वरून साहेबांच्या मागे टुमणं होतं. हेमराज म्हणाला, पाणबुड्या कशाला, मागच्यासारखं पाणी उपसतो, मी आणि दशरथ आत उतरतो, कुऱ्हाडीनं तोडतो. साहेबांनी होकार दिला.

मला हे खानावळीत कळलं. मी ताटावरून उठले आणि सरळ त्याच्यासमोर जाऊन बसले. वाळू बदलली आहे, वरच्यासारखी नाही, सगळी एका मापाची बारीक आहे, पंप लावला तर ती आत येईल, हे सगळं एका दमात सांगितलं. तो शांतपणे भात कालवत होता.

“तू माही वाळू कायले चाळून राहिली?” त्यानं विचारलं.

टोळीतली माणसं हसायला लागली. दशरथ मुकादम पन्नाशीचा, चार पुलांच्या विहिरी घातलेला गडी. त्यानं मला समजावल्यासारखं केलं. “बाई, मागच्या खेपी मीच उतरलो होतो ना आत. काईच झालं नाही. तुम्ही काहून घोर लावून घेता?”

“तेव्हाची वाळू वेगळी होती,” मी म्हणाले.

“ग्रॅबमधून येते ती वाळू पाण्यात ढवळून येते,” हेमराज म्हणाला. “तिचा कायचा भरोसा? कामाच्या आधी जमीन तपासाले बोअर मारलं होतं तेव्हा इथं जाड वाळूच लागली. कागदावर आहे.” मग माझ्याकडे न बघता म्हणाला, “कुमुद, माही झेंडी तुह्या डोळ्यात खुपते, हे सगळ्याइले माहीत आहे.”

खुपत होतीच, आणि म्हणूनच मला बोलता येईना. खोटं बोलणाऱ्याला पकडलं तर तो निदान कांगावा तरी करतो. मी खरं बोलत होते आणि माझं तोंड चोरासारखं झालं होतं.

साहेबांकडेही गेले. वझलवार साहेब भला माणूस, पण त्यांच्या टेबलासमोर उभी राहिले तेव्हा मला माझ्या मागच्या सगळ्या तक्रारी रांगेनं उभ्या दिसल्या. ते ऐकत होते. बोअर पुलाच्या दुसऱ्या कडेला, बरंच लांब मारलं होतं, नदीच्या पोटात वाळू हातभर अंतरावर बदलते, असंही मी सांगितलं. ते म्हणाले, “तुरकर, तुम्ही हुशार आहात. पण हेमराजचं नाव निघालं की तुमच्या बोलण्यातलं किती घ्यायचं आणि किती सोडायचं, मला कळत नाही.” मी तशीच परत आले. त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं.

रात्री मी स्वतःलाच विचारत राहिले, हे तू वाळूमुळे म्हणतेस की जळून म्हणतेस? एवढ्या रात्री वाळू पुन्हा चाळायची सोय नव्हती. डोळे मिटले की एकदा त्याची झेंडी दिसायची, एकदा दशरथ. दोन्ही वेगवेगळं करायला माझ्याकडे कुठलीही चाळणी नव्हती.

सकाळी पंप लावायची तयारी चालली होती. नळी आत सोडली होती. दशरथनं विहिरीच्या काठावर नारळ फोडला, हेमराजनं कमरेला दोर बांधून घेतला. तो स्वतः आधी उतरणार होता, हे कबूल केलं पाहिजे. साहेब खाली छत्री घेऊन उभे होते. मी पहिल्यांदाच त्या विहिरीच्या शिडीवर चढले. कुणी हो-नाही म्हणायच्या आत वर पोचले आणि नळीवर जाऊन उभी राहिले.

“खाली ये,” हेमराज म्हणाला.

मी त्याच्याशी बोललेच नाही. वरूनच साहेबांना म्हणाले, “साहेब, पुढच्या पुलाची जागा मला नको. कापगतेला द्या. या सगळ्यांसमोर सांगते, मी माझं नाव मागे घेतलं. महिनाअखेर मी घरी जाईन.”

साहेबांनी छत्री बाजूला केली.

“आता त्याचं वाईट झालं तर माझा काही फायदा नाही,” मी म्हणाले. “आता मी जे सांगते ते फक्त वाळूबद्दल आहे. ही वाळू धरून राहणारी नाही. आतलं पाणी कमी करू नका. उलट बाहेरच्यापेक्षा जास्त भरून ठेवा आणि पाणबुड्याची वाट बघा.”

पंपवाला साहेबांकडे बघत होता. मला वाटलं होतं, बोलून झाल्यावर मला काहीतरी उदात्त वाटेल. तसं काही झालं नाही. नळीवर उभं राहून मी मनात एकच घोकत होते, आता ही जागा खरोखरच त्याची झाली, मूर्ख बाई, तूच दिलीस. इतका हेवा मला त्याचा आधी कधी वाटला नव्हता.

“पंप काढा,” साहेब म्हणाले.

हेमराजनं कमरेचा दोर सोडला आणि माझ्या बाजूनं शिडी उतरून गेला. त्याचा चेहरा मला दिसला नाही.

पाणबुड्या आला. त्यानं पाण्याखाली जाऊन लाकूड कापलं, आणि विहीर दुसऱ्याच दिवशी चालू झाली. पुढे ती खडकावर नीट टेकली. काही झालं नाही. माझ्या दृष्टीनं यापेक्षा वाईट काय असणार? काही झालं नाही याचा पुरावा कुठून आणायचा? पंप लावला असता तर काय झालं असतं हे कुणी पाहिलं नव्हतं, त्यामुळे आठवडा वाया घालवणारी पोरगी म्हणून माझं नाव कायम झालं. टोळीतले लोक मला बघून ‘पाणी भरा रे, पाणी भरा’ म्हणायचे. साहेबांनी दिलेला शब्द पाळला, म्हणजे मी दिलेला पाळला. महिनाअखेरीस हेमराजच्या हातात कायम झाल्याचा हुकूम आला. मला त्यांनी चहा पाजला आणि चांगलं प्रमाणपत्र देईन म्हणाले. मी तेव्हा मोठ्या मनानं हसले असेन, पण साहेबांच्या कपाळावर ती कपबशी फोडावी असं मला वाटत होतं.

जाण्याच्या दिवशी एसटीच्या थांब्यापर्यंत सोडायला हेमराज आला. मी नको म्हणत असताना त्यानं माझी ट्रंक मोटरसायकलला बांधली. थांब्यावर चिटपाखरू नव्हतं. तो निघून जाईल म्हणून मी वाट पाहत होते, पण तो तिथेच चिंचेखाली उभा राहून बुटानं माती उकरायला लागला.

“मले ठाऊक होतं,” तो म्हणाला.

“काय?”

“वाळू. मी रोज ग्रॅबखाली हात घालत होतो. बोटातून निसटून जात होती. मीबी तेच शिकलो ना, तू शिकली ते.”

मला आधी नीट कळलंच नाही. मग कळलं. “मग पंप कायले लावून राहिला होता?”

“पहिले आठवडा वाचावा म्हणून बोलून गेलो. मंग तू नको म्हटलं, म्हणून हटलो नाही.” तो अजून मातीकडेच बघत होता. “साहेब माह्या संग जेवाले बसत होते तेव्हा रोज तुहीच गोष्ट. तुरकरच्या हाताले वाळू कळते. तुरकरचा आकडा म्हणजे दगडावरची रेघ. माही झेंडी लावून झाली की लगेच तुहं नाव. घास खाली जात नव्हता मले. वाटलं, एकडाव तरी तू चुकली पाहिजे.”

“आत तू उतरणार होता.”

“हो ना.”

“आणि दशरथ?”

लांबून एसटी दिसायला लागली होती. त्यानं ट्रंक सोडून खाली ठेवली आणि गाडी थांबल्यावर ती टपावर चढवायला स्वतः शिडीनं वर गेला. खाली आला तेव्हा मी आत जाऊन बसले होते. मी खिडकीतून त्याच्याकडे पाहिलं नाही.

लाखनीपर्यंत मी संतापानं धुमसत होते. घरी लेकरं असलेल्या दशरथला हा माणूस माझ्या एका आकड्याला खोटं पाडायला त्या पेजेत उतरवणार होता, आणि अशाला मी माझी विहीर देऊन आले होते. परत जाऊन साहेबांना सांगावं असं दोनदा मनात आलं. पण कोण ऐकणार? हेमराजचं नाव निघालं की माझ्या बोलण्याचा भरवसा नव्हता.

लाखनी सुटलं आणि काय झालं कोण जाणे. कंडक्टर तिकीट विचारत होता आणि मला हसू येत होतं. ज्याच्या झेंडीपायी मला महिनोन्‌महिने अन्न गोड लागलं नाही, तो रोज ताटावर बसून माझ्याच नावानं उपाशी राहत होता. माझ्यावर इतका जळत होता की जीव द्यायला तयार होता. शेजारची बाई जरा सरकून बसली. मी पदर तोंडाला लावला तरी हसू थांबेना.

घरी पोचले तेव्हा बाबा मशीनवर होते. त्यांनी चष्म्यावरून बघितलं.

“घेतलं का कंपनीनं?”

“नाही,” मी म्हणाले.

“मंग हासून काहून राहिली?”

“बाबा, मी पहिली आली,” मी म्हणाले, आणि ट्रंक घेऊन आत गेले.